मणक्याला मार लागलेलं घरचं वडीलधारं माणूस हॉस्पिटलमधून घरी आणताना

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मणक्याला मार लागतो तो बहुतेक वेळा साध्याशा पडण्यातून. ओल्या मोरीत पाय सटकतो, रात्री लघवीला उठताना उंबरठ्याला ठेच लागते, जिन्याची शेवटची पायरी चुकते. वयाने मानेचे मणके आधीच झिजलेले असतात आणि आतली मज्जारज्जूची, म्हणजे मणक्यांमधून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराची, वाट अरुंद झालेली असते. पडताना हनुवटी आपटून मान मागे झटकली की हाड न मोडताही मज्जारज्जू चेपला जातो. म्हणूनच या वयात पुष्कळदा असं दिसतं की पाय थोडेफार चालतात, माणूस आधाराने उभाही राहतो, पण हातात पाण्याचा पेला धरता येत नाही. काहींचं कमरेखालचं सगळंच थांबलेलं असतं, काहींचं मानेखालचं.

पुढची माहिती डिस्चार्जच्या आधीच्या आठवड्यापासून घरी आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यापर्यंतची आहे. वाचण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मार लागलेल्या जागेच्या खाली टोचणं, भाजणं, अवघडणं, लघवी तुंबणं यांची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही, किंवा अर्धवट पोचते. ती खबर आता घरच्यांनी डोळ्यांनी, हाताने आणि घड्याळ लावून घ्यायची आहे.

डिस्चार्जच्या आधीचा आठवडा

तारीख कळली की घरातल्या दोन माणसांनी वॉर्डमध्ये राहून सगळी कामं शिकून घ्यावीत. एकावर भिस्त ठेवू नका, तो आजारी पडला तर घर ठप्प होतं. नुसतं बघून काही येत नाही. कूस बदलणं, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं किंवा पिशवी बदलणं, सपोझिटरी (शी होण्यासाठी गुदद्वारात ठेवायची गोळी) देणं, पलंगावरून खुर्चीत घेणं, यातलं प्रत्येक काम सिस्टर किंवा फिजिओ शेजारी उभे असताना स्वतःच्या हाताने किमान तीनदा करा. ब्युरोची मावशी किंवा ब्रदर ठेवणार असाल तर त्यांनाही याच दिवसांत बोलवा.

डिस्चार्ज कार्डवर काही गोष्टी मागून लिहून घ्या, कारण घाईत त्या राहून जातात. मार कोणत्या मणक्याच्या पातळीला आहे आणि पूर्ण (खालचं सगळं बंद) की अपूर्ण (थोडंफार शिल्लक). गळ्याचा कॉलर किंवा कमरेचा पट्टा किती आठवडे, झोपताना काढायचा की नाही, आंघोळीला काढायचा तर मान कोणी आणि कशी धरायची. कॅथेटर कोणत्या नंबरचा, कधी घातला, कधी बदलायचा. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं कोणत्या तारखेपर्यंत. आणि रुग्णाचं आत्ताचं नेहमीचं बीपी, पडलेल्या आणि बसलेल्या स्थितीतलं. हा शेवटचा आकडा पुढे जीव वाचवतो, कसा ते खाली येईल.

निघायच्या दिवशी सकाळी सिस्टरसोबत पूर्ण पाठ, ढुंगण आणि टाचा बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जखम असेल तर ती कुठे, किती सेंटिमीटर, हे कार्डावर यायला हवं.

खोली, दार, पलंग

तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली आणि संडासाला जवळ असलेली खोली निवडा. पुष्कळ घरांत पलंग थेट हॉलमध्ये टाकतात, म्हणजे माणसांत राहणं होतं. तसं केलंत तर छताला आडवी तार किंवा पाइप लावून पूर्ण ओढता येईल असा पडदा करा. सत्तर वर्षं अब्रूने राहिलेल्या माणसाचं डायपर दारातून येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर बदललं जाऊ नये.

व्हीलचेअर आणण्याआधी टेप घेऊन दारं मोजा. साधी व्हीलचेअर बाहेरून २४ ते २६ इंच रुंद असते आणि वळवून नेण्यासाठी दाराला मोकळी जागा ३२ इंच लागते. आपल्याकडे संडास-बाथरूमची दारं बरेचदा २४ ते २७ इंचांचीच असतात. भिंत फोडण्याआधी दाराची फळी काढून पडदा लावून बघा, बिजागऱ्यांच्या जाडीचे एक-दीड इंच तिथेच सुटतात. तरीही जमत नसेल तर चाकांची, मधे भोक असलेली अरुंद कमोड खुर्ची घ्या. ती भारतीय पद्धतीच्या भांड्यावरही ढकलता येते, फक्त भांड्याची आजूबाजूची फरशी समपातळीत हवी.

उंबरठा असेल तर लाकडी किंवा लोखंडी उतार करून घ्या. एक इंच चढाला एक फूट लांबी हा हिशेब. सहा इंचांची पायरी म्हणजे सहा फुटांचा उतार. दोन फुटांची फळी तिरकी टाकून भागवू नका, चढवताना ढकलणारा मागे कलंडतो आणि उतरवताना रुग्ण पुढे तोंडावर जातो.

पलंगाची उंची गादीसकट १९-२० इंच, म्हणजे व्हीलचेअरच्या बैठकीएवढी असावी. हॉस्पिटलसारखा हँडलने वरखाली होणारा पलंग सर्जिकलच्या दुकानात महिन्याच्या भाड्याने मिळतो. लगेच विकत घेऊ नका, दोन महिन्यांत गरज बदलते. एअर बेड मात्र पहिल्या दिवसापासून हवाच. तो साध्या गादीवर अंथरा, वर एकच सुती चादर, ताणून. प्रेमापोटी वर गोधडी, तिच्यावर रबरशीट, पुन्हा चादर असे थर घातले की एअर बेडचा उपयोग संपतो आणि रबरशीटमुळे पाठ घामाने भिजत राहते. फुगवणी तपासायची रीत अशी: रुग्ण पाठीवर असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि गादीच्या मधे, तळवा वर करून हात सरकवा. हाताला हाड लागत असेल तर हवा कमी आहे. मधे इंचभर तरी फुगवटा हवा. वीज गेली की हे बेड हळूहळू बसतात. पंपाला वीज फार थोडी लागते, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर त्याची जोडणी करून ठेवा.

घरी आणतानाच्या प्रवासाबद्दल दोनच शब्द. ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर वरून मऊ गादी घाला आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून कूस बदला. गावाकडच्या पाच-सहा तासांच्या खडबडीत रस्त्यात एका जागी पडून राहिल्याने जखम तयार होते. ती घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी दिसते आणि दोष घरच्या सेवेवर येतो. निघण्याआधी लघवीची पिशवी रिकामी करा.

कातडी: रोज सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

बेडसोर वरून रुपयाएवढा दिसतो तेव्हा आत वाटीएवढा झालेला असतो, कारण हाडालगतचं मांस आधी मरतं. म्हाताऱ्या कातडीखाली चरबी कमी, त्यात मधुमेह असेल तर रक्तपुरवठाही अपुरा. भरायला महिने लागतात. त्यामुळे तो होऊच न देणं यातच सगळी मेहनत घाला.

सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदला. डावी, पाठ, उजवी. कुशीवर अगदी आडवं टाकू नका, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी अशी टेकवा की शरीर साधारण ३० अंशांत कललेलं राहील, माकडहाड अधांतरी आणि खुबाही मोकळा. दोन्ही गुडघ्यांच्या मधे एक उशी. पोटऱ्यांखाली लांब उशी घालून टाचा हवेत राहू द्या, टाच आणि चादर यांच्यामधून कागद सरकला पाहिजे. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका, माणूस खाली घसरत राहतो आणि घसरताना माकडहाडावरची कातडी आतल्या आत ओढली जाते. वर घेताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खाली घातलेली दुमडलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायची.

सकाळी आणि रात्री कपडे काढून उजेडात पाहायचं. माकडहाड, ढुंगणाची दोन्ही बसायची हाडं, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, आणि कॉलर असेल तर हनुवटीखाली व मानेमागे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे काळपट किंवा जांभळट छटा शोधा. मग हाताची मागची बाजू त्या जागी आणि शेजारच्या जागी टेकवून बघा: गरम लागतंय का, घट्ट किंवा उलट पिचपिचीत लागतंय का. डाग दिसला तर अंगठ्याने दाबून सोडा. दाबल्यावर रंग उतरतो आणि परत येतो तोवर ठीक. उतरतच नसेल, किंवा त्या बाजूवरून उठवून अर्ध्या तासानंतरही डाग तसाच असेल, तर ती जखमेची पहिली पायरी आहे. त्या जागेवर, डाग जाईपर्यंत, मिनिटभरही भार द्यायचा नाही. व्हीलचेअर बंद ठेवावी लागली तरी चालेल.

डागाला चोळू नका, स्पिरिट लावू नका, पावडर थापू नका. चोळण्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मधे भोक असलेली रबरी रिंग दुकानदार आग्रहाने देतो. ती घेऊ नका, रिंगेच्या कडेवर दाब पडून मधल्या कातडीचं रक्त तुटतं.

महिनाभर एकही डाग आला नाही तर डॉक्टरांना विचारून रात्रीची पाळी अडीच, मग तीन तासांवर नेता येते, दर वाढीनंतर सकाळी कातडी बघून. हे जरूर करा. दर दोन तासांनी उठणारी घरची माणसं सहा आठवड्यांत कोसळतात. तोवर रात्र दोघांत वाटून घ्या, एकाने दोनपर्यंत, दुसऱ्याने दोननंतर.

खुर्चीवर बसणं पहिल्या दिवशी १५ ते ३० मिनिटं, उतरल्यावर ढुंगण बघायचं, डाग नसेल तर दर दोन दिवसांनी १५ मिनिटं वाढवायची. खाली जाड फोमची किंवा हवेची उशी हवी, घडी घातलेली चादर चालत नाही. बसलेलं असताना दर २०-३० मिनिटांनी दोन मिनिटं पुढे वाकवा, तुमचा हात छातीला आडवा लावून. कॉलर असेल तर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवा.

लघवी

हॉस्पिटलमधून दोनपैकी एका पद्धतीवर घरी पाठवतात. एक, कायम आत राहणारा फोलीज कॅथेटर आणि पिशवी. दोन, दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ कॅथेटर घालून लघवी काढणं आणि लगेच कॅथेटर काढून घेणं. दुसरी पद्धत मूत्रपिंडासाठी चांगली, पण त्यासाठी हात चालणारा रुग्ण किंवा वेळेवर हजर असणारं माणूस लागतं. वयस्क बाईंना आणि हात न चालणाऱ्यांना ती जमत नसेल तर त्यात कमीपणा मानू नका. पोटातून घालायच्या कॅथेटरबद्दल युरॉलॉजिस्टना विचारा.

वेळेवर काढायची पद्धत असेल तर सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० हे वेळापत्रक बहुतेक घरांत बसतं. साबणाने हात धुवा, जागा धुवा, पुरुषांमध्ये भरपूर जेली घाला आणि लिंग सरळ वर धरून सावकाश सरकवा. या वयात प्रोस्टेट वाढलेली असते, तिथे कॅथेटर अडतो. अडला की जोर लावू नका. अर्धा मिनिट थांबा, रुग्णाला लांब श्वास घ्यायला सांगा, मग पुन्हा. रक्त आलं किंवा दोन प्रयत्नांत गेला नाही तर थांबून डॉक्टरांना गाठा. अशा वेळी पुढचं टोक किंचित वाकडं असलेला कॅथेटर ते देतात. प्रत्येक वेळी निघालेली लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर जात असेल तर मधलं अंतर कमी करायचं.

दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं माप. रात्री आठनंतर घोटघोट. एवढं करूनही मध्यरात्री लघवी भरून येते, याचं कारण पायांत असतं. दिवसभर लोंबकळणाऱ्या पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं. दुपारी दोन तास पाय वर करून झोपवलं की हे पाणी दिवसाच निघून जातं.

फोलीज असेल तर नळी मांडीला पट्टीने चिकटवा म्हणजे ओढ बसत नाही, पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. कूस बदलल्यावर प्रत्येक वेळी नळीवरून हात फिरवत पिशवीपर्यंत या. मांडीखाली चेपलेली नळी ही रोजची चूक आहे. दोन-तीन तास पिशवीत काहीच उतरलं नाही आणि ओटीपोट टणक लागलं तर नळी तुंबली असं समजा.

कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडतातच. नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेत राहिलात तर पुढे खऱ्या संसर्गात औषध लागू पडत नाही. ताप, थंडी, पायांना वाढलेले झटके, मधेच होणारी गळती, किंवा आदल्या दिवशीपर्यंत नीट बोलणारं माणूस अचानक बरळायला लागणं, ही संसर्गाची खरी लक्षणं. वयस्कांत बरळणं हे कधीकधी एकमेव लक्षण असतं.

संडास

रोज किंवा एक दिवसाआड, पण ठरलेल्या वेळी. खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात त्याचा फायदा घ्या. सकाळी नाश्ता आणि गरम चहा, मग २०-३० मिनिटं थांबा. डाव्या कुशीवर घ्या, हातमोजा आणि जेली लावून खाली आलेली शी बोटाने काढा, मग सपोझिटरी आतल्या भिंतीला टेकेल अशी ठेवा. शीच्या गोळ्यात रुतली तर ती काम करत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी, सिस्टरने शिकवलं असेल तसं, बोट इंचभर आत घालून १५-२० सेकंद हलकेच गोल फिरवा, दर ५-१० मिनिटांनी पुन्हा. पूर्ण कार्यक्रम तासाभरात आटपला पाहिजे. कमरेच्या अगदी खालच्या भागाला मार असेल तर गुदद्वार सैल पडलेलं असतं, तिथे फिरवण्याचा उपयोग नसतो आणि रोज बोटाने काढावंच लागतं. आपला प्रकार कोणता ते डॉक्टरांना आधीच विचारा.

तीन-चार दिवस शी झाली नाही आणि मग पातळ पातळ लागायला लागलं तर जुलाब बंद करणारी गोळी देऊ नका. वर कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. इसबगोल पाण्यावाचून दिलं तर तेच आत चिकटून बसतं.

डोकं ठणकतंय, चेहऱ्याला घाम फुटलाय

मार छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर असेल तर हा भाग घरातल्या प्रत्येकाने पाठ करायचा. खाली काहीतरी खुपतं, बहुतेक वेळा तुंबलेली लघवी. मेंदूला ते कळत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी झपाट्याने चढतं. डोकं ठणकायला लागतं, चेहरा-मान लाल होते, वरच्या भागाला घाम, नाक चोंदतं, अंगावर काटा, नाडी मंद. मानेला मार असलेल्यांचं नेहमीचं बीपी (वरचा आकडा) ९० ते ११० च्या आसपास असू शकतं. त्यांच्यासाठी १४० म्हणजे धोक्याचा आकडा. म्हणूनच आधीचं बीपी लिहून घ्यायला सांगितलं.

१. लगेच सरळ बसवा, पाय खाली सोडा. झोपवू नका.
२. पोटपट्टा, पायजम्याची नाडी, मोजे, घट्ट कपडे सैल करा.
३. लघवी बघा. नळी मुडपली असेल तर सरळ करा, पिशवी भरली असेल तर रिकामी करा. फोलीज नसेल तर भरपूर सुन्न करणारी जेली लावून कॅथेटर घाला.
४. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी मोजा.
५. लघवी ठीक असेल तर सुन्न करणारी जेली आत लावून, पाच मिनिटं थांबून, शी अडकली आहे का ते बघा. मग कातडी, पायाची नखं, चादरीतली सुरकुती, खिशातली किल्ली.

दहा मिनिटांत बीपी उतरत नसेल, १५० च्या वर असेल किंवा नळी तुंबलेली सुटत नसेल तर १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत सगळ्यांनाच हा प्रकार ठाऊक असतो असं नाही, आणि आजोबांना आधीपासून बीपी असेल तर तेच वाढलं असं समजून नुसती गोळी दिली जाते. तिथे पोचताच सांगा: ‘मानेच्या (किंवा छातीच्या) मणक्याला मार आहे, लघवी तुंबली आहे का ते आधी बघा.’ गेल्या दोन दिवसांत लैंगिक शक्तीची गोळी घेतली असेल तर तेही न लाजता सांगायला हवं, बीपी उतरवणाऱ्या काही औषधांशी तिचं वाकडं आहे.

उठताना चक्कर, आणि जुन्या गोळ्या

उलट बाजूही आहे. बसवताना बीपी एकदम २० अंकांनी किंवा त्याहून खाली उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटपट्टा आणि लांब मोजे पलंगावर पडल्यापडल्याच घाला, पाठ टप्प्याटप्प्याने उचला, दर टप्प्याला दोन मिनिटं. खुर्चीत चक्कर आली तर ब्रेक लावा, खुर्ची मागे कलती करून आपल्या मांडीवर टेकवा, पाय वर घ्या.

मार लागण्याआधी चालू असलेल्या बीपीच्या गोळ्या आता जास्त होत असू शकतात. स्वतः बंद करू नका. आठवडाभर पडलेल्या आणि बसलेल्या स्थितीतलं बीपी रोज लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. बॅक्लोफेन ही हातपाय आखडून येणाऱ्या झटक्यांची गोळी मात्र एक दिवसही खंडू देऊ नका. अचानक तुटली तर भास, ताप, फिट येऊ शकते, आणि तालुक्याच्या दुकानात ती नेहमी मिळेलच असं नाही. पंधरा दिवसांचा साठा पुढे ठेवा. मज्जातंतूंच्या दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी या वयात गुंगी येते, म्हणून रात्रीच्या डोसनंतर पहाटे एकदा श्वास आणि जाग बघा.

उचलणं आणि हातपाय हलवणं

सत्तरीतल्या पत्नीने सत्तरीतल्या नवऱ्याला एकटीने उचलायचं नाही, मग ती कितीही काटक असो. सरकपाटी, म्हणजे दोन बाजूंना टेकणारी गुळगुळीत फळी, आणि बाजूचा हात निघणारी व्हीलचेअर घेतली तर उचलण्याऐवजी सरकवता येतं. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो.

सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सांधा सावकाश दहा वेळा हलवा. हाडं महिन्याभरात ठिसूळ व्हायला लागतात, जबरदस्ती केली तर मांडीचं हाड मोडतं आणि रुग्णाला कळतही नाही. मनगट मागे वाकवलेलं असताना बोटं सरळ ताणू नका. मनगट मागे घेताना बोटं आपोआप मिटतात, त्याच मिटण्यावर पुढे चमचा, पेला धरणं जमतं. ताणून ती पकड घालवू नका. चमच्याच्या दांड्याला फोम किंवा कापड गुंडाळून तो जाड करा, म्हणजे अर्धवट मुठीतही बसतो. आपल्या हाताने वरणभाताचा पहिला घास खाल्लेल्या माणसाचा चेहरा बदलतो.

पोटरीचा घेर गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर दर आठवड्याला टेपने मोजा. एका पायाचा दुसऱ्यापेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त झाला तर रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, तेल लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

छाती, ऊन, शेक

मानेला मार असेल तर खोकायला जोर नसतो. जेवताना सरळ बसवा, लहान घास, पाण्याचा ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. फिजिओकडून पोट वर ढकलून खोकायला मदत करणं शिकून घ्या, जेवणानंतर लगेच करू नका. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

मार लागलेल्या जागेखाली घाम नीट येत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत अंग भट्टीसारखं तापतं आणि तो ताप समजून गोळ्या दिल्या जातात. ओलं फडकं मान, काख, जांघेत ठेवा, पाण्याचा फवारा मारून पंखा लावा, तासाभरात उतरतो की नाही ते बघा. नाही उतरला तर संसर्ग शोधा.

थंडीत गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, पायाजवळ शेगडी, गरम तेल: यातलं काहीही खालच्या भागाला नको. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा. चहाचा कप मांडीवर ठेवू देऊ नका.

त्यांना विचारून

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत पुष्कळ माणसं गप्प होतात. जेवण टाकतात, ‘मला कशाला जगवता’ म्हणतात. हे मनावर घ्या आणि डॉक्टरांना सांगा, यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतं. रोजची वेळापत्रकं त्यांच्या संमतीने ठरवा: आंघोळ कधी, पाहुणे कधी, कोणी धुवायचं. सुनेने धुवू नये असं वाटत असेल तर तो हट्ट नाही. हात चालत नसतील तर हाक मारण्यासाठी कोपराने दाबता येईल अशी मोठी वायरलेस बेल उशीशेजारी चिकटवा.

पुढची शिकवणी घरी जमत नसेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. माजी सैनिकांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक (कमरेखालून लुळ्या पडलेल्यांचं) पुनर्वसन केंद्र आहे.

कागदांत दोन कामं लवकर करा. दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, डॉक्टर स्थिती स्थिरावली म्हणतील तेव्हा. त्यावर एसटीची सवलत मिळते. प्राप्तिकराच्या जुन्या कररचनेत रुग्ण तुमच्यावर अवलंबून असेल तर ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. दुसरं पेन्शनचं. हात गेल्याने सही जुळत नाही आणि बोटांचे ठसे यंत्रावर नीट उमटत नाहीत, म्हणून बँकेला आधीच लेखी कळवून कागदावर अंगठा उठवून व्यवहार करण्याची सोय करून घ्या. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाइलवर घरूनच देता येतो, पण त्याचा सराव ऑक्टोबरातच करून ठेवा, कॉलर काढून चालत असेल अशा वेळी आणि खिडकीकडे तोंड करून, म्हणजे चेहऱ्यावर नीट उजेड येतो.